गच्चीवरची खरवड

माझा उजवा हात थरथरतो. ते मी कधी नाकारलेलं नाही. पण हात थरथरतो म्हणजे माणूस निकामी झाला, असं माझ्या पोराने आणि सुनेने मला न विचारता ठरवून टाकलं, ते मला त्या दिवशी पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. पण स्वतःची बाजू मांडायला चौथी पुरते.

आमची खव्याची भट्टी आहे. बालाघाटाच्या डोंगरात, सडकेला लागून. पत्र्याचं छप्पर, चार चुली, चार कढया. आजूबाजूच्या वस्त्यांवरून सकाळी दूध येतं आणि दुपारपर्यंत त्याचा खवा होतो. साठ वर्षं मी तिथे दूध घोटलं. उकळत्या दुधाचे शिंतोडे उडून कोपरापर्यंत डाग पडलेत, ते आता जायचे नाहीत आणि जावेत असं मला वाटतही नाही. त्या भट्टीवर पोरगा शिकला, इंजिनियर झाला, अमेरिकेत गेला. आज जर्सी सिटीत बाविसाव्या मजल्यावर राहतो. म्हातारी गेली तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, सहा महिने चला, मन रमेल." भट्टी पुतण्याच्या हवाली केली आणि गेलो. सहाचे चौदा महिने झाले. कागद झाले, डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या. परतीचं नाव निघालं की सून चहा टाकायला उठायची.

डिसेंबरात एका शनिवारी पोरगा म्हणाला, "अण्णा, आज तुम्हाला एक भारी जागा दाखवतो. मॅनहॅटनमध्ये, बिल्डिंगच्या गच्चीवर. स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं घर असतं ना, तसं सगळं केलंय. फक्त थंडीपुरतं असतं."

"मग उन्हाळ्यात काय करतात?"

"उन्हाळ्यात तिथेच वाळू टाकून समुद्रकिनारा करतात."

"म्हणजे तमाशाचा तंबू. गाव बदलत नाही, नुसता वग बदलतो."

"तसं समजा," तो म्हणाला.

मला तेव्हाच कळलं, याला काहीतरी सांगायचंय. अवघड गोष्ट सांगायची असली की तो आधी खायला घालतो. हे त्याने आईकडून घेतलं. ती पण वाईट बातमी पुरणपोळीवर वाढायची.

सुनेने माझ्या पलंगावर पँट आणि स्वेटर घडी करून ठेवला होता. स्वेटर घातला. पँट तिथेच राहू दिली. धोतराच्या आत पोराची गरम विजार चढवली, तेवढी तडजोड मी करतो. डोक्याला टोपी होतीच. नात सोळा वर्षांची, जन्म तिकडचाच. ती मला अरे-तुरे करते, मला ते बरं वाटतं. ती म्हणाली, "आजोबा, तू तिथल्या सगळ्यांपेक्षा कूल दिसणार." सुनेने पँटची घडी उचलून कपाटात ठेवली.

नदीच्या खालून जाणाऱ्या गाडीने पलीकडे गेलो, मग लिफ्टने वर. कान दडपले. वर काचेची मोठी खोली. कुंड्यांत देवदारासारखी झाडं, त्यांच्यावर कापसाचं बर्फ. ओंडक्यांच्या भिंती. मी एक ओंडका बोटाने वाजवून पाहिला, आत पोकळ. खुर्च्यांवर मेंढीची कातडी टाकलेली. खांबांना गायींच्या गळ्यातल्या मोठमोठ्या घंटा टांगल्या होत्या, गाय कुठेच नव्हती. काचेबाहेर खरा वारा होता आणि खरी थंडी होती, पण तिकडे कोणी बघत नव्हतं.

आमच्या टेबलाशी आला तो वाढपी पन्नाशीचा, मिशीवाला गृहस्थ. त्याला हॉटेलवाल्यांनी चामड्याची अर्धी चड्डी आणि खांद्यावरून पट्टे असा वेश चढवला होता. मी नातीला म्हटलं, विचार, कुठला आहेस. तो इक्वेडोरचा निघाला. त्याच्या गावालाही डोंगर आहेत म्हणे, बर्फाचे. म्हणजे त्या खोलीत डोंगरातली माणसं दोनच, एक धोतरात आणि एक अर्ध्या चड्डीत.

पोराने फाँड्यू मागवलं. भांड्यात वितळलेलं चीज येतं, खाली छोटी शेगडी पेटलेली असते आणि लांब काट्याला पावाचा तुकडा लावून त्यात बुडवून खायचा. त्यात वाइन घालतात. सुनेने माझ्याकडे बघत वाढप्याला सांगितलं, "वाइन नको. आणि मांसाला शिवलेलं काही नको." तो म्हणाला, वाइनशिवाय करून देतील, पण तितकं नीट मिळून येणार नाही. सून म्हणाली, चालेल. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की उकळलेल्या दारूला मी घाबरत नाही.

भांडं आलं. नातीने मला काटा धरून दाखवला आणि नियम सांगितला, "ज्याचा ब्रेड आत पडतो, त्याला पनिशमेंट असते, आजोबा."

तिघांचे तुकडे गेले, आले. माझी पाळी आली. काटा भांड्यावर नेला तर तो हलायला लागला. तिघंही काट्याकडे बघत होते. कोणी तसं बघितलं की तो जास्त हलतो. तुकडा आत पडला. नात हसली, सहज हसली, तिचं मला काही वाटलं नाही. पण पोराने माझ्या हातातला काटा काढून घेतला. दुसरा तुकडा बुडवला आणि माझ्या ताटलीत ठेवला.

"असू द्या अण्णा, मी देतो."

तो तुकडा मी खाल्ला नाही.

मग तो मुद्द्यावर आला. "अण्णा, भट्टीचं मी तुमच्या पुतण्याशी बोललोय. तो तिथे ढाबा काढायचा म्हणतोय. संक्रांतीनंतर चुली काढून टाकेल."

"कोणाला विचारून?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

"नाही."

"म्हणूनच."

सून मऊ आवाजात म्हणाली, "अण्णा, तुम्ही आता इथेच राहा ना. तिकडे आगीपाशी एकटे... काही झालं तर आम्ही पोचणार कधी?"

"काही व्हायचं ते इथेही होईल. इथे काय यमाला व्हिसा लागतो?"

"अण्णा, हात बघा तुमचा," पोरगा म्हणाला. चिडून नाही म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं.

मी बघितला. टेबलावर ठेवलेला होता, आपला आपणच थरथरत होता. बोटाशी चमचा होता तो ताटलीला लागून वाजत होता. मी चमचा बाजूला सारला.

"हात माझा. भट्टी माझी. चुली मी स्वतः घातल्यात, माती मळून. काढायच्या तर मी काढीन."

"तुम्ही कढई धरणार आहात का या हाताने? उकळत्या दुधाची?"

 उत्तर तोंडाशी आलं होतं. पण मला वास आला.

एवढ्या बोलण्यात भांड्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शेगडी पूर्ण उघडी, आच वर आलेली. चीज फुटलं होतं. वर पिवळं तेल आणि खाली रबरासारखा गोळा. नातीने नाक मुरडलं, "ई, ग्रॉस." सून म्हणाली, परत पाठवू. पोराने वाढप्यासाठी हात वर केला.

"हात खाली घे," मी म्हटलं. "फुटलेलं परत पाठवतात काय? आच मोठी ठेवली आणि घोटलं नाही, दोष आपला. त्याला सांग, लाकडी चमचा आण आणि वाटीभर गरम दूध."

"अण्णा, हे हॉटेल आहे."

"मला वाटलं डोंगर आहे."

नातीनेच सांगितलं वाढप्याला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मनगटावरच्या डागांकडे, आणि काही न विचारता आत गेला. लाकडी चमचा आणि दूध घेऊन आला. मी शेगडीचं झाकण सरकवून आच अगदी बारीक केली. उभा राहिलो. बसून घोटता येत नाही, घोटायला कंबर लागते. आधी वरचं तेल काठाकाठाने आत ओढलं. मग दुधाचा एक घोट सोडला आणि तळापासून हलवायला लागलो. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा चमचा फिरवायचा, म्हणजे तळाचा कुठलाच भाग सुटत नाही. पुन्हा दूध, पुन्हा घोटणं. घाई केली की बिघडतं. चीज मी जन्मात कधी शिजवलं नव्हतं, पण शेवटी ते दुधाच्याच घरातलं. दूध रुसलं की कसं आणायचं ते मला ठाऊक आहे.

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती. धोतरातला म्हातारा उभा राहून हॉटेलच्या भांड्यात चमचा फिरवतोय. पोरगा ताटलीत बघत बसला होता.

गोळा सुटायला लागला. तेल आत जिरलं. कड चकाकायला लागली.

"बाबा," नात म्हणाली. "आजोबांचा हात बघ."

मी स्वतः बघितला नाही, माझं लक्ष भांड्यात होतं. पण पोराने मान वर केली ते कळलं.  मग मीच बोललो, घोटता घोटता. "रिकामा ठेवला की थरथरतो. चौदा महिने त्याला टीव्हीच्या रिमोटखेरीज काही धरायला दिलं नाहीत तुम्ही. करणार काय तो?"

"डॉक्टर म्हणाला, वाढत जाणार," पोरगा म्हणाला.

"जाईल की. मी कुठे म्हणतो कमी होईल? वाढेपर्यंत तर घोटू दे."

मी खाली बसलो. हात मांडीवर ठेवला आणि तो परत सुरू झाला. लपवला नाही. मग सगळ्यांनी खाल्लं. नात म्हणाली, आधीपेक्षा चांगलं झालंय. सुनेने तीनदा बुडवलं. मी पोराने ठेवलेला तो तुकडा बाजूला केला आणि माझा स्वतःचा काट्याला लावला. दोन वेळा आत पडला, तिसऱ्यांदा तोंडात गेला.

इतक्यात वाढपी आला. आमची वेळ संपली होती, बाहेर माणसं थांबली होती. त्याने भांडं उचललं. मी दांडा धरला.

"खरवड राहिलीय."

नातीला खरवड माहीत नव्हती. तिला म्हटलं, तळाला जो थर लागतो ना, खरपूस, तो. तिने त्याला सांगितलं तर तो मिशीत हसला. म्हणाला, इथे कोणी मागत नाही. आत भांडी जातात तेव्हा आम्हीच खातो.

म्हणजे मी त्याच्या तोंडचा घास काढत होतो. हा पेच मी आयुष्यभर सोडवलाय. आमच्या भट्टीवर एक कायदा आहे, ज्याने घोटलं त्याची खरवड, मग तो मालक असो नाही तर गडी. घोटलं मी होतं. पण दूध त्याने आणलं होतं. चमच्याच्या कडेने मी अख्खा थर सोडवला. भाकरीसारखा गोल निघाला, तांबूस. मधोमध मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं, मग घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला.

"अण्णा, लोक बघतायत," सून कुजबुजली.

"बघू दे. तमाशाला आलेत, बघितल्याशिवाय कसे जातील?"

माझ्या अर्ध्यातला तुकडा नातीला दिला, सुनेला दिला. पोराने हात पुढे केला.

"तुला कशाला? तू घोटलंस का?"

त्याने हात मागे घेतला नाही. लहानपणी भट्टीवर असाच उभा राहायचा, शाळेतून आल्यावर. दिला शेवटी. त्याने सावकाश चावला.

लिफ्टमध्ये आम्ही चौघंच. तो म्हणाला, "कढई उतरवणार कोण? खरं सांगा."

"पुतण्या उतरवेल. त्याला काय धाड भरलीय? मी फक्त घोटणार."

"आणि घोटताना हात सुटला तर?"

"सुटला तर भाजेल. आधी काय कमी भाजलाय?"

खाली रस्त्यावर आल्यावर त्याने फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ होती, भट्टीवर दूध यायची वेळ. पुतण्याला म्हणाला, "चुली काढू नकोस. हो. अण्णा येतायत. अजून नको काढूस."

त्याने फोन ठेवला तेव्हा मी विचारलं, "'अजून' कशाला म्हणालास?"

"अण्णा, चला आता. थंडी आहे."

"नाही, 'अजून' कशाला म्हणालास ते सांग."

त्याने माझ्या मफलरची गाठ नीट केली आणि भुयारी गाडीच्या जिन्याकडे चालायला लागला.

हे मी भट्टीवर बसून लिहितोय. तिकडे त्या गच्चीवर आता वाळू पडली असेल आणि तो मिशीवाला कुठल्या रंगीत चड्डीत उभा असेल देव जाणे. इथे चारातल्या दोनच कढया चालू आहेत. पुतण्या उतरवतो आणि कुरकुरतो. ढाब्याचं त्याच्या मनातून गेलेलं नाही, ते मला दिसतं. हाताचं थरथरणंही वाढलंय, थोडं. सकाळी सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो. मी वेळ लावतो.

गेल्या आठवड्यात एक कढई करपली. हात अडखळला, तळ सुटला, सगळं दूध वाया गेलं. पुतण्या म्हणाला, अमेरिकेला कळवू नका. मी त्याच्यासमोर फोन लावला आणि पोराला स्वतः सांगितलं. 

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? घासली आणि दुसरी चढवली."