लाटण्याला कान लावणारे भावोजी

यंत्र दिसलं की त्याच्या पोटात काय चाललंय हे कळल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नसे, असा माणूस अख्ख्या माळव्यात एकच होता आणि दैवयोगानं तो आमच्या ताईचा धाकटा दीर होता. ताई त्यांना भावोजी म्हणायची, म्हणून आम्ही धारची सगळी मंडळीही त्यांना भावोजीच म्हणू लागलो. धारला ताईच्या लग्नात वरात निघायची वेळ झाली तरी नवरदेवाच्या भावाचा पत्ता नाही. शोधाशोध केल्यावर ते सापडले बँडवाल्यांच्या मागे. एका गरीब वादकाचं पितळी वाद्य मांडीवर घेऊन ते त्यालाच विचारत होते, "फुंकर इथून शिरते हे समजलं हो, पण एवढ्या वळणांत ती अडत कशी नाही?" त्या बापड्यानं जन्मभर वाद्य वाजवलं होतं, पण हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. तो विचारात पडला आणि वरात एका वाद्यावाचूनच निघाली.

लग्नानंतर ताई देवासला नांदायला गेली आणि तिचं लाटणं नाहीसं झालं. ते भावोजींकडे होतं. लाटण्याचं एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं कानाला, डोळे मिटायचे आणि आतला आवाज ऐकायचा, ही त्यांची विद्या. घड्याळ झालं, विहिरीवरचा रहाट झाला, पिठाची गिरणी झाली. एकदा आमचे बाबा लेकीला भेटायला देवासला गेले आणि दुपारी जेवून ओसरीवर घोरू लागले. जाग आली तेव्हा छातीवर लाटणं आणि लाटण्यावर भावोजी! "घाबरू नका काका," ते म्हणाले, "भाता उत्तम आहे, एखादी झडप तेवढी सैल वाटते." आतून ताई ओरडत होती, "भावोजी, पोळ्या खोळंबल्यात!" बाबांनी त्यानंतर देवासात दुपारची झोप घेतली नाही. लाटण्याइतकाच भावोजींचा जिभेवर भरवसा. रॉकेल असो, एरंडेल असो, वंगण असो, बोटाचं टोक बुडवून जिभेला लावल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. "नाक फसतं," ते म्हणत, "जीभ फसत नाही." मला हे कधी पटलं नाही, पण त्यांचा अंदाज चुकलेलाही मी कधी पाहिला नाही.

त्या काळी देवास या एकाच गावात दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. भररस्त्याची एक कड एका महाराजांची, तर समोरची दुसऱ्यांची. भावोजींचे वडील तात्या थोरल्या पातीच्या एका सरदारांकडे फडणीस होते. या सरदारांनी हौसेनं मोटार आणली. तिच्याबरोबर आलेला चालक इथल्या तिखटाला कंटाळून परत गेला आणि मोटार पागेत घोड्यांशेजारी उभी राहिली. भावोजींनी ती सगळी उकलली, पुन्हा जोडली आणि चालवून दाखवली. सरदार खूश झाले. म्हणाले, "दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी मला या मोटारीतून शमीपर्यंत ने आणि परत आण. जमलं, तर दिवाळीनंतर तुला माझ्या खर्चानं मुंबईला यंत्रशाळेत घालतो. मोटारीचा इंजिनेर हो."

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सात पिढ्या आम्ही लेखणी धरली, आणि तू सारथी होणार?" भावोजी शांतपणे म्हणाले, "सारथी गाडी हाकतो, तात्या. मला ती का हलते हे शिकायचंय." मी तेव्हा सणासाठी ताईकडे गेलो होतो. मला बाजूला नेऊन ते हळूच म्हणाले, "तिथं म्हणे एक इंजिन उभं चिरून ठेवलंय. आतलं सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं!" एरवी लोक मुंबईला समुद्र बघायला जात. भावोजींना ते चिरलेलं इंजिन बघायचं होतं, आणि इतकी आस लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

खंडेनवमीला पागेत शस्त्रांची, हत्ती-घोड्यांची आणि त्या वर्षी प्रथमच मोटारीची पूजा झाली. फडणिसांची सून म्हणून पूजेचा मान ताईकडे आला. घोड्यांना गूळ-हरभरे मिळाले, हत्तीला ऊस मिळाला. मोटारीला नुसतं हळदकुंकू आणि झेंडूची माळ. वर्षाचा सण, आणि हिच्याच तोंडाला काही लागलं नाही, हे ताईच्या मनाला बरं वाटेना. मोटारीचं तोंड कुठलं हे तिला ठाऊक होतं. भावोजींनीच टाकीचं झाकण उघडून कौतुकानं दाखवलं होतं, "वहिनी, ही इथून पिते." ताईनं झाकण फिरवलं आणि नमस्कार करून चांगलं वाटीभर पंचामृत आत ओतलं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. मोटार झोकात चौकापर्यंत गेली, तिथं तिला उचकी लागली, आणि वळता वळता ती भररस्त्यात आडवी होऊन थांबली. तोंड धाकट्या पातीत, बूड थोरल्या पातीत! दोन्हीकडचे शिपाई जमले. "मुंडो थांकी तरफ हे भिया, थेंज खींचो!" एक म्हणे. "पूंछड़ी तो थांकी हे, थेंज धक्को दो!" दुसरा म्हणे. तोंडवाल्यांनी ओढायचं की शेपटीवाल्यांनी ढकलायचं, मालकीचा निकाल लागेना. भावोजी कोणाचंच ऐकत नव्हते. त्यांनी टाकीतून येणारी तेलाची नळी सोडवली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग मान वर करून बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. ताईचा हात तोंडावर गेला.

"काय झालं?" सरदारांनी दरडावून विचारलं.

"नळी साफ करायची माझ्याकडून राहिली, सरकार."

"ज्याला एक नळी साफ ठेवता येत नाही, त्यानं मुंबईला जाऊन काय दिवे लावायचे?" असं म्हणून सरदार घोड्यावर बसले आणि शमीकडे निघून गेले. मोटार शेवटी बैलांनी ओढून नेली.

घरी आल्यावर ताई रडत सरदारांकडे खरं सांगायला निघाली, तर भावोजी दारात आडवे आले. "स्वतःचं नाव सांगाल? मग पुढच्या सणाला त्या पागेत पाऊल कसं टाकाल? सोडा ते, वहिनी. मला एवढंच सांगा, दही किती होतं आणि मध किती?" आणि दोन वाट्यांत मोटारीचं तेल घेऊन, एकीत दही आणि दुसरीत मध घालून, आधी तळाला काय बसतं हे पाहत बसले. मला हसू येत होतं आणि त्यांच्या पाठीकडे पाहून गलबलूनही येत होतं.

मुंबई राहिली ती राहिलीच. पुढे त्यांनी देवास-धारच्या गिरण्या, पंप, इंदूरच्या रस्त्यावरच्या मोटारी, सगळ्यांना लाटणं लावलं. दर खंडेनवमीला, हाताखाली जी मोटार असेल तिची पूजा ते वहिनींकडूनच करून घेत. फक्त पूजा होईपर्यंत टाकीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून उभे राहत. ताई दरवर्षी रागावायची आणि दरवर्षी पूजेला जायची.

मी शेवटचा खंडेनवमीला देवासला गेलो त्या वर्षी दोघांचेही केस पिकले होते. सरदारांची ती जुनी मोटार भंगारात निघाली होती आणि भावोजींनी तिचं इंजिन मागून आणलं होतं. आम्हांला त्यांनी अंगणात बोलावलं. इंजिन नळीपासून तळापर्यंत उभं चिरलं होतं. करवत चालवायला त्यांना अख्खा पावसाळा लागला होता.

"आज झाकण नाही, वहिनी," ते म्हणाले. "घाला पंचामृत. कुठून कुठं जातं ते बघू तरी."

ताईनं वाटी कलती केली. आम्ही तिघंही वाकून पाहत राहिलो. पांढरा ओघळ नळीतून निघाला, एका बारीक वळणाशी आला आणि थांबला. भावोजींनी लाटण्याचं टोक तिथं टेकवलं.

"हां," ते हळू म्हणाले, "इथं अडलं होतं."

ताईनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "हात पुढे करा," आणि वाटीत उरलेलं पंचामृत त्यांच्या तळहातावर घातलं. भावोजींनी ते घेतलं, सवयीनं क्षणभर जिभेवर घोळवलं.

"मध जरा जास्त झालाय, वहिनी," ते म्हणाले. "तेव्हाही झाला होता."