केतकीला आवडलेली कोंबडी

आमच्या घरात रविवारी कोंबडी शिजली नाही तर शेजारीण दार वाजवून विचारते, "कोण आजारी आहे का?" अशा घरात माझ्या मुलीनं, केतकीनं, चार महिन्यांपूर्वी चिकन सोडलं. कॉलेजला जाताना तिची रिक्षा कोंबड्यांच्या टेम्पोमागे सिग्नलला अडकली होती. एवढंच निमित्त. भाषण नाही, भांडण नाही. रविवारी आमच्याबरोबर टेबलाशी बसायची, वरण-भात घ्यायची आणि गप्पा मारत जेवायची. तिचा बाबा म्हणाला, "राहू दे ना, बसतेय ना आपल्यात." पण मला ते बघवत नव्हतं. कांदा-खोबरं ती भाजणार, वाटण मी करणार, मग दोघी मिळून रस्सा चाखणार, हा आमच्या मायलेकींचा रविवार होता आणि तो मला परत हवा होता.

एकदा ती सहज म्हणाली, "मोकळी फिरलेली, नीट जगलेली कोंबडी असेल तर खाईनही कदाचित." त्यातला 'कदाचित' मी सोयीस्करपणे गाळला आणि शोधाला लागले.

सुरुवात आमच्या उल्हासनगरपासूनच केली. कॅम्प चारमध्ये एका ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे 'ऑरगॅनिक' लिहिलेली अंडी आणि पॅकबंद 'फार्म' चिकन मिळतं. मी म्हटलं, "भाईसाब, ये मुर्गी रहती कहाँ है?" ते हसले. आम्हा गिऱ्हाइकणींना ते अदी म्हणतात, म्हणजे सिंधीत ताई. "अदी, सच बोलूं? मेरे पास तो डिब्बा आता है. मुर्गी मैंने भी नहीं देखी. देखनी है तो गाँव जाओ." इतका सरळ माणूस बघून मी निदान अर्धा डझन अंडी घेतली.

शेवटी ऑफिसातल्या मैत्रिणीची चुलती कामी आली. बदलापूर गावाच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला त्यांचं घर. नाव बामाकाकी. घरी दहा-बारा गावठी कोंबड्या. मैत्रिणीनं फोन करून सांगितलं, 'पाहुणे येतायत, जेवायला एक कोंबडी करा.' काकी लगेच हो म्हणाल्या.

थंडीतला रविवार, केतकी आणि मी सकाळी लवकर स्कूटरवरून निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: उल्हासनगर ते अंबरनाथ रस्ता कधीही खणलेला असू शकतो, पाठदुखी असेल तर ट्रेननं बदलापूर गाठा आणि पुढे रिक्षा करा. अंबरनाथला शिवमंदिराशी दहा मिनिटं थांबलो. बदलापूरला पूल ओलांडून पश्चिमेला आलो, हेंद्रेपाड्यात एका गाडीवर गरम मिसळ खाल्ली. मिसळ झणझणीत, पाव कालचा. पेट्रोल आणि नाश्ता धरून दोघींचा खर्च तीन-चारशेत भागतो. बदलापूर गाव मागे पडलं की हवा बदलते, बिल्डिंगा विरळ होतात आणि 'सेकंड होम'च्या पाट्या दाट.

बामाकाकी अंगणातच होत्या. "आलीस का गो? रस्ता गावला ना? बस, पानी देतें." परसात वाल, दुधी, मिरच्या. मी शहाण्यासारखं विचारलं, "काकी, सगळं ऑरगॅनिकच का?" त्या म्हणाल्या, "त्ये काय म्हाईत नाय. शेन टाकतां. घरात खावाला तर लावलाय."

आणि अंगणभर कोंबड्या. उकिरडा उकरणाऱ्या, उन्हात धुळीत लोळणाऱ्या. केतकीचा चेहरा खुलला आणि मला वाटलं, जिंकले! त्यात एक तांबूस कोंबडी होती, मानेवर पिसं नसलेली, दिसायला अगदी ध्यान, पण भारी धीट. केतकीनं तळहातावर तांदूळ धरले तर सरळ येऊन खाऊ लागली. मग मांडीवर चढून बसली. केतकी हसत सुटली. इतकं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

काकी दारातून बघत होत्या. "आवडली का गो तुला?"

"खूप! काकी, हीच आवडली मला. सगळ्यांत छान हीच आहे."

"बरा," काकी म्हणाल्या. "जा, नदीवर फिरून या जराशा. मंग जेवाला बसू."

मीही हसत होते. आम्ही नदीवर गेलो, पाण्यात पाय सोडून बसलो. केतकी त्या कोंबडीबद्दलच बोलत होती. तिचं नाव काय ठेवावं, यावर आमची चर्चाही झाली. ज्या घरी कोंबडीचं जेवण सांगून आपण पाहुणे म्हणून जातो, त्या घरच्या अंगणात एखादीकडे बघून 'हीच आवडली' म्हणण्याचा एकच अर्थ होतो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. माझं माहेर काही लंडनला नाही. लहानपणी आजोळी आम्ही पोरंच बोट दाखवायचो आणि तीच संध्याकाळी ताटात यायची. पण त्या दिवशी माझी अक्कल गवत खायला गेली होती.

परत आलो तेव्हा मागच्या चुलीवर रस्सा उकळत होता. केतकी मूठभर तांदूळ घेऊन अंगणभर फिरली. मग तिला न्हाणीजवळ तांबूस पिसं दिसली.

काकी कौतुकानं सांगत होत्या, "अंड्यावरची होती ती. गेल्या आठवड्यात एक जन मागत व्हता, त्याला नाय दिली. पन पोरीनं मागितली, मंग नाय कसा बोलनार?"

मी केतकीकडे बघितलं. ती हातपाय धुऊन पाटावर बसली. तांदळाची भाकरी, कोंबडीचा लाल रस्सा, कांदा. ती जेवली. ताटात एक तुकडा ठेवला नाही. काकींनी विचारलं, "तिखट झाला का गो?" तिनं मान हलवली आणि डोळे पुसले. काकींनी तिला गूळ आणून दिला.

रस्सा अप्रतिम होता. लिहायला लाज वाटते, पण प्रवासवर्णनात खोटं लिहू नये. तसा रस्सा मी वर्षानुवर्षं खाल्लेला नाही, आणि दुसऱ्यांदा मीच वाढून घेतला.

निघताना केतकी काकींच्या पाया पडली. काकींनी वालाच्या शेंगांची पिशवी दिली आणि वर म्हणाल्या, "परत ये हां, तुझ्यासाठी दुसरी वाढवतें."

येताना अंबरनाथला चहाला थांबलो. तिथे ती पहिल्यांदा बोलली. "आई, मी मागितली नव्हती गं."

"माहितीये मला. पण तू जेवलीस ना..."

"त्यांनी प्रेमानं दिली होती. ताटात टाकली असती तर ती उगाच मेली असती." चहा संपवून तिनं हेल्मेट घातलं.

'नीट जगलेल्या कोंबडीचं मांस कुठे मिळेल' असं विचारणाऱ्या वाचकांना मी काय सांगू? मिळतं. शहरापासून तासाभरावर मिळतं, आणि चवीला तोड नाही. फक्त जेवणाआधी अंगणात बसू नका. दुकानातली कोंबडी वाईट जगली म्हणून माझ्या मुलीला खाववत नव्हती, आता नीट जगलेलीही खाववणार नाही, कारण ती मांडीवर येऊन बसते. तिच्या मनात एक छोटी फट उरली होती, ती मी हौसेनं बुजवून आले. तिचा बाबा म्हणाला होता तसं राहू द्यायला हवं होतं. हे मला फार लागून राहिलंय.

या रविवारी केतकी न सांगता स्वयंपाकघरात आली. मला कांदा-खोबरं भाजून दिलं, वाटणही तिनंच केलं. मी खुळ्यासारखी आशेनं रश्श्यासाठी तीन वाट्या घेतल्या. तिनं आपल्या ताटात वरण-भात वाढला, "तुम्ही खा निवांत," म्हणाली, आणि ताट घेऊन आतल्या खोलीत गेली. दार तिनं अगदी हळू लावलं.