किरिनोचा आवाज

किरिनो मास्त्रांजेलीचं नाक एकोणिसाव्या वर्षी मासळीबाजारातल्या मारामारीत मोडलं, आणि त्या नाकानंच त्याला पुढची चाळीस वर्षं जेवू घातलं. रोमच्या स्टुडिओत असला चेहरा रिकामा बसत नसे. हवालदार, दरोडेखोर, एकदा तर चक्क कार्डिनल! दीडशेच्या वर सिनेमे केले पठ्ठ्याने, आणि त्यातल्या निम्म्यांत मध्यंतराआधीच मेला.

काय दिवस होते ते! दुपारी खानावळीत साधू, शिपाई आणि मारेकरी एकाच बाकावर बसून पास्ता हाणायचे. संवाद पाठ करायची भानगडच नव्हती. आवाज मागाहून भरायचे, तोही दुसऱ्याचा. कॅमेऱ्यासमोर किरिनो लालबुंद होऊन "सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस!" असं ओरडायचा, आणि पडद्यावर रुज्जेरो तास्सी नावाच्या किडकिडीत माणसाचा भरदार आवाज धमक्या द्यायचा. किरिनोचा स्वतःचा आवाज घोगरा, गल्लीतला. तो कुणाला हवा होता?

त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. मग बायकोची, एलिदेची, दृष्टी गेली. टीव्हीवर त्याचा जुना सिनेमा लागला की ती कान देऊन बसायची आणि शेवटी विचारायची, "अरे, तू येऊन गेलास का?"

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागायचं. एकदा तरी आपण तिला सिनेमात सापडावं, एवढंच त्याला आता हवं होतं.

बहात्तराव्या वर्षी फियामेत्ता नावाच्या तरुण दिग्दर्शिकेनं त्याला दारवानाचं काम दिलं.

"काका, आवाज तुमचाच हवा हं. आकडे चालणार नाहीत!"

वाक्यं होती चार, पण पाठ करताना म्हाताऱ्याची पाचावर धारण बसली. एलिदे शेंगा सोलता सोलता त्याला दटावायची, "परत म्हण! दारवानाला कसली आलीय घाई?"

पहिल्या खेळाला दोघं रोमच्या गार्बातेल्ला भागातल्या थिएटरात तिसऱ्या रांगेत बसली. पडद्यावर दारवान आला.

"थांबा, साहेब वर नाहीत."

एलिदेनं शेजारी कोपर मारलं. "गप ना! इथं कसला सराव करतोस? लोक ओरडतील."

दुसरं वाक्य आलं. तिनं चिडून त्याच्या तोंडावर हात ठेवला. ओठ मिटलेले होते. आवाज समोरून येतच होता.

तिनं हात काढला नाही. "किरिनो," भर थिएटरात ती मोठ्यानं म्हणाली, "अरे, तू आहेस की रे तिथं!"