सदाचं वासरू शोधत घोडेगावपर्यंत

अनोळखी नंबर पाहून मला वाटलं, क्रेडिट कार्ड विकणारे असतील. "घोडेगावहून, आबामास्तर बालसाहित्य मंडळातून बोलतेय," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही ब्लॉगवर 'चांद्या'विषयी लिहिलंय ते आम्ही सभेत वाचलं. येता का बोलायला?"

आबामास्तरांचं 'चांद्या' ज्यांनी लहानपणी वाचलंय त्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी: सदा नावाचा मुलगा, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं त्याचं वासरू, आणि चारा संपल्यावर त्या वासराला विकायला बाजारात निघालेला सदा. मी सात वर्षांची असताना बाबा अपघातात गेले. त्या वर्षी आई मला रोज हे पुस्तक वाचून दाखवायची, आणि मला ते हवं असायचं कारण शेवटी चांद्या परत येतो. गेलेलं एखादं तरी परत येतं, एवढ्यावर मी ते वर्ष काढलं. म्हणून बाईंना मी विचार न करता विषय सांगून टाकला, 'माझा आवडता शेवट'.

गोंधळाला पुण्यातच सुरुवात झाली. वाकडेवाडीच्या स्टँडवर घोडेगाव विचारलं तर मला आंबेगाव तालुक्यातल्या गाडीकडे पाठवलं. घोडेगावं दोन आहेत, हे मला बसची पायरी चढल्यावर कळलं. जाणाऱ्यांनी 'नेवासा तालुक्यातलं' असं ठणकावून सांगावं. मग नगरची गाडी मिळाली. पाटीवर अहिल्यानगर, शेजारच्या आजींच्या तोंडी नगर आणि माझ्या तोंडी एकदा हे, एकदा ते. तिथे गाडी बदलून संभाजीनगरच्या रस्त्याला लागायचं. स्टँडबाहेर वडापाव बरा मिळतो, पण शांतपणे खाता येत नाही, कारण जीपवाले पाठ सोडत नाहीत.

"चला ताई, शनिशिंगणापूर!"

"मला घोडेगावला जायचंय."

"घोडेगावावरूनच जाती की गाडी. दर्शन करूनच जावा."

"दर्शन नकोय हो, मला मंडळात जायचंय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. शेवटी त्याच्याच जीपमध्ये बसले. माणशी शंभराच्या आत नेतात, फक्त मांडीवर कुणाचीतरी पिशवी येते.

घोडेगावात उतरून चहाच्या टपरीवर मंडळाची चौकशी केली. "कोनतं? गनपतीचं का भजनी?" टपरीवाल्याने विचारलं. मी आबामास्तरांचं म्हटल्यावर तो हसला. "मग शाळेत जावा. मास्तरांचं समदं शाळेतच असतं."

मंडळाच्या अध्यक्ष साळवेबाई, म्हणजे मला फोन करणाऱ्याच, फाटकात उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, खणखणीत आवाजाच्या. मला वाटलं होतं पाच-सहा म्हातारे वाचक असतील. वर्गात बसायला जागा नव्हती. शेतावरून आलेल्या बायका, दूध डेअरीतले दोघं, बाकावर कशीबशी मावलेली मोठी माणसं. त्यांची रीत अशी, की आधी सगळ्यांनी एकेक पान मोठ्याने वाचायचं, मग पाहुण्यांनी बोलायचं. बाजाराच्या पानाला दोन-तीन जणींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, किती हळवी माणसं आहेत, आता यांना मी खूश करते.

शेवटची ओळ मी स्वतःच वाचली. "'दिवे लागायच्या आत दावं हातात घेऊन सदा घरी आला.' दाव्याच्या दुसऱ्या टोकाला चांद्या आहे, हे लिहायचीही मास्तरांना गरज वाटली नाही!"

मी टाळ्यांसाठी थांबले. कुणीच टाळी वाजवली नाही. पहिल्या बाकावरच्या बबनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"ताई, चांद्या कसा यील? त्यो तर इकला."

"नाही हो, दावं हातात आहे ना त्याच्या!"

"म्हनून तर म्हनतो, इकला."

मी साळवेबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं आणतो. विकणारा आपलं सोडून घरी नेतो. नुसतं दावं घेऊन आला म्हणजे..."

मागून एक बाई म्हणाली, "पन ताईंचं बी बरं हाय की. मी नातीला असंच सांगनार." दुसरी तिच्यावर उखडली, "आगं, लिवलंय काय, तू सांगती काय!" मग अर्धा वर्ग एकीकडे, अर्धा दुसरीकडे. चांगला तासभर वाद झाला. शेवटी मला शाल-नारळ मिळाला. कशाबद्दल, ते मला अजून उमगलेलं नाही. रात्री साळवेबाईंच्या घरी हुलग्याची शेंगोळी वाढली होती. एरवी मी तीनदा मागून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी जनावरांचा बाजार होता. मी हट्टाने गेले, तिथे तरी कुणी दाव्यासकट जनावर देईल म्हणून. हा बाजार बघायचा तर सकाळी लवकर जा आणि चपला जुन्या घाला. धूळ, शेण आणि हंबरणं यातून वाट काढताना एका म्हशीचा सौदा ठरताना दिसला. घेणाऱ्याने पिशवीतून नवं कोरं दावं काढून तिच्या गळ्यात बांधलं. विकणाऱ्याने जुनं सोडलं, गुंडाळलं, खांद्यावर टाकलं.

"दावं का नाही दिलंत?" मी विचारलं.

"दावं देत न्हाईत, ताई. गोठ्याची लक्ष्मी जाती." त्याने म्हशीकडे वळून बघितलंही नाही. मला मात्र तिथेच रडू आलं, आणि एका म्हशीसाठी रडणारी बाई म्हणून लोक माझ्याकडे बघायला लागले.

परतीच्या बसमध्ये मी त्या ओळीवर चिडले, मास्तरांवर चिडले. सुप्याच्या आसपास मात्र आठवलं, आई तर शेवगावकडची, म्हणजे याच भागातली. तिच्या माहेरी बैल होते.

घरी पोचले तेव्हा ती मेथी निवडत होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"आई, तुला दाव्याचं माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? आमच्याकडे खुंटीला चार-पाच दावी तशीच टांगलेली असायची."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या ओळीवर माझा आवाजच फुटेना. आणि तू टाळ्या वाजवल्यास. म्हणालीस, आला!"

"म्हणून माझ्यासाठी रोज तेच वाचलंस?"

तिने जुडी बाजूला ठेवली. "तुझ्यासाठी कुठलं गं. तू रोज म्हणायचीस ना, 'आला'. तेवढं ऐकायला वाचायचे."