बक्षीस मिळालेली बाटली

आमच्या मुलांच्या वॉर्डात ती डॉक्टर म्हणून रुजू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ‘बिब्बा’ पडलं. चिडका बिब्बा म्हणतात ना, त्यातला. नाव मी ठेवलं. मी या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं ही दोन्ही खाती माझ्याकडेच आहेत.

नवीन डॉक्टर म्हणजे काय असतं ते मी पुष्कळ पाहिलंय. सरकारी दवाखान्यात पहिला आठवडा सगळेच तणतणतात. सलाईनचा सेट नाही, सुई आहे तर सिरिंज नाही, थर्मामीटर एकच आणि तोही या खाटेवरून त्या खाटेवर फिरतोय, हे बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. दुसऱ्या आठवड्यात आवाज खाली येतो. तिसऱ्या आठवड्यात ते निमूटपणे चिठ्ठी लिहायला शिकतात, ‘बाहेरून आणा’, आणि पोराचा बाप ती चिठ्ठी घेऊन फाटकासमोरच्या औषधाच्या दुकानाकडे पळतो. मी त्यांना दोष देत नाही. भिंतीवर डोकं आपटून भिंत फुटत नाही, डोकंच फुटतं.

बिब्ब्याचा पहिला आठवडा मात्र कधी संपलाच नाही.

आमच्याकडे हातमोजे धुऊन, वाळवून, पावडर लावून पुन्हा वापरायचे. एकदा तिच्या वाट्याला असा जोड आला, की हात घालताच पाचही बोटं बाहेर. तिनं तो काढला नाही. तसाच हात वर धरून जिना उतरली, आवार ओलांडून स्टोअरमध्ये गेली आणि स्टोअरकीपरच्या नाकासमोर बोटं नाचवत म्हणाली, “काका, हातमोजे मिळाले, आभारी आहे. आता बोटांसाठी काहीतरी द्या.” आमचा स्टोअरकीपर म्हणजे ‘नाही’ हा शब्द तोंडात घेऊनच जन्माला आलेला माणूस. पण त्यालाही हसू आवरलं नाही. त्यानं मागच्या फळीवरून एक डबा काढला. “ठेवणीतला आहे मॅडम, कुणाला सांगू नका.” तिनं वर येऊन सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्टोअरसमोर सगळ्या वॉर्डांची रांग लागली. स्टोअरकीपर कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू तिला मीच जन्म दिला होता.

जन्म देणारी एकदा आली होती, लेकीसाठी डबा घेऊन. घरी शिवणकाम करणारी, हसऱ्या तोंडाची बाई. ओढणीला अजून दोन टाचण्या तशाच टोचलेल्या होत्या. लेक फोनवर कुणाला तरी झाडत होती, म्हणून माझ्या स्टुलावर टेकली आणि म्हणाली, “घरीपण अशीच आहे हो. लहान असताना साखर आणायला धाडली. वाणी म्हणाला, साखर संपली. तर ही आत शिरून पोती चाचपायला लागली!”

“मग? होती साखर?” मी विचारलं.

“होती की! तोच तर त्रास आहे. हिला दर वेळी सापडते.”

आता मशीनची गोष्ट सांगते. दमा झालेल्या पोरांना वाफेतून औषध द्यायचं एक मशीन असतं. आमच्या वॉर्डातलं बिघडलं, दुरुस्तीला गेलं आणि तिकडचंच झालं. चालू असलेलं दुसरं एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या स्पेशल रूममध्ये. ती रूम मोठ्या माणसांसाठी राखीव. आता मोठी माणसं आजारी पडायला आमच्याकडे कशाला येतात? त्यामुळे ते मशीन फुलाफुलांच्या कव्हराखाली नुसतं बसून असायचं. बिब्ब्यानं ते मागितलं. उत्तर आलं, राखीव आहे. मग नवीन मागितलं. उत्तर आलं, बघू. आमचे मोठे साहेब, म्हणजे दवाखान्याचे मुख्य, माणूस वाईट नव्हते. पण त्यांची खोली वर आणि धाप लागलेली पोरं खाली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

त्या पोरांमध्ये एक होती ‘रेडिओ’. हेही नाव माझंच. सात-आठ वर्षांची, घरं रंगवणाऱ्या रंगाऱ्याची मुलगी. आई नव्हती, बापच सगळं करायचा. मधूनमधून तिची छाती भरून यायची, बाप तिला खांद्यावर टाकून आणायचा, आणि जरा बरं वाटलं की ही खाटेवर मांडी घालून सुरू. बापाच्या शर्टावरचे डाग दाखवून मला सांगायची, हा हिरवा बँकेचा, हा पिवळा शाळेचा, हा निळा एका भांडकुदळ म्हातारीच्या दाराचा. तिला गप्प बसवणं मला कधी जमलं नाही. दम लागला की मात्र रेडिओ बंद.

मशीन मिळत नाही म्हटल्यावर बिब्ब्यानं सुट्टीच्या दिवशी भावाला कामाला लावलं. दादा गॅरेजमध्ये मेकॅनिक. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्यायची, तार वाकवून तापवायची आणि बाटलीच्या बुडाला दम्याच्या औषधाच्या पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं. पंप मागून खोचायचा, बाटलीचं तोंड पोराच्या तोंडात द्यायचं. नुसता पंप लहान पोरांना जमत नाही, औषध जिभेवरच राहतं. बाटलीत भरलेलं औषध त्यांना सावकाश ओढता येतं. दादानं डझनभर बाटल्या करून दिल्या. रेडिओनं आपल्या बाटलीवर पेनानं नाक-डोळे काढले आणि तिच्याशीही गप्पा सुरू केल्या.

सगळा दवाखाना बाटली बघायला लोटला. मीही म्हटलं, “कमाल केलीत मॅडम!” तर माझ्यावरच उखडली.

“कौतुक नका करू सिस्टर. हे काही मी शोधून काढलेलं नाही. जिथं काही मिळत नाही तिथं सगळे हेच करतात. आणि पोरात ताकद आहे तोवर बाटली ठीक आहे. पोर थकलं, की बाटलीतून औषध ओढायचं कुणी? तेव्हा मशीनच लागतं.”

तिला जी भीती होती तेच झालं. बाटली चालते म्हटल्यावर साहेबांनी मशीनचा विषयच बाजूला सारला. ती विचारायला गेली की म्हणायचे, “तुमची बाटली चालतेय ना? मग घाई काय?” बाटली बंद करावी तर पोरं घुसमटणार, चालू ठेवावी तर मशीन येणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. एकदा औषधांच्या कपाटामागं उभी राहून ती रडली. दुःखानं नव्हे, संतापानं. मी पाठ करून बँडेज गुंडाळत बसले. खरं सांगायचं तर मलाही रडू येत होतं.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्यात बक्षीस आलं. साहेबांनी ती बाटली कमी खर्चातल्या उपायांच्या कसल्याशा स्पर्धेत पाठवली होती. पहिला नंबर! दवाखान्याच्या हॉलमध्ये दुपारी कार्यक्रम ठरला, मुख्य कचेरीतले एक बडे अधिकारी पाहुणे म्हणून आले, खुर्च्या पुसल्या गेल्या. बिब्बा जायलाच तयार नव्हती.

“जा ना अगं,” मी म्हटलं. वॉर्डात मॅडम म्हणते, पण वेळ आली की अगंतुगं करते. “चार लोकांसमोर मशीन मागून घे.”

“मागून मागून जीभ झिजली, सिस्टर. तिथं मी काही बोलले तर म्हणतील, बक्षीस दिलं तरी हिची तक्रार आहेच.”

पण गेली. इतर डॉक्टरही टाळ्या वाजवायला गेले. वॉर्डात मी आणि धाकटी सिस्टर.

तेवढ्यात रंगारी आला. खांद्यावर रेडिओ. मी सवयीनं विचारलं, “काय गं, आज कुठला रंग?” ती काहीच बोलली नाही. तिला खाटेवर टेकवलं, तर आडवी होईना. दोन्ही हात गादीवर रोवून बसून राहिली. प्रत्येक श्वासाला फासळ्या आत जात होत्या. ओठ निळसर पडले होते. मी ऑक्सिजन लावला, बाटली पुढं केली. तिनं तोंडात घेतली, एकदा ओढून पाहिलं आणि मान फिरवली. नको म्हणून नाही. तिला ओढवतच नव्हतं.

धाकटीला तिच्यापाशी उभं करून मी हॉलकडे पळाले. माझे गुडघे आणि माझं वजन बघता त्याला पळणं म्हणणं धाडसाचंच आहे, पण पळाले. हॉलच्या दारात पोचले तर साहेबांचं भाषण रंगात आलेलं. “या बाटलीनं सिद्ध केलं, की मनात जिद्द असेल तर यंत्राची गरजच उरत नाही! ही बाटली यंत्राच्या तोडीस तोड आहे!” टाळ्या. बिब्बा फुलांचा गुच्छ घेऊन खाली मान घालून उभी. शेजारच्या टेबलावर लाल कापडावर बाटली.

मी दारातूनच ओरडले, “मॅडम, रेडिओ बंद पडलाय! बाटली घेत नाही!”

माइकवाला दचकून आपल्या वायरी तपासू लागला. बिब्ब्यानं गुच्छ साहेबांच्या खुर्चीत टाकला, टेबलावरची बाटली उचलली आणि माझ्या बाजूनं बाहेर पडली. मला वाटलं, वॉर्डकडे येईल. ती जिना चढून वर गेली.

वर काय झालं ते तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी मला नंतर सांगितलं. बिब्बा आत शिरली, फुलाफुलांचं कव्हर काढलं, मशीन काखेत मारलं. त्या जागी बाटली ठेवली आणि तिच्यावर कव्हर नीट घातलं. “मावशी, साहेबांनी विचारलं तर सांगा, तोडीस तोड ठेवलंय.” एवढं बोलून गेली पण.

खाली आल्यावर तिनं थेट औषध भरलं, मास्क रेडिओच्या तोंडाला लावला. आमच्या वॉर्डातलं सॉकेट सैल. प्लग हातानं दाबून धरला तरच वीज येते. मी खाटेमागं वाकून प्लग धरून उभी राहिले. मशीन घरघरलं, मास्कमधून पांढरी वाफ निघू लागली. बिब्बा एका हातानं पोरीची पाठ धरून, दुसऱ्यानं नाडी बघत, हलक्या आवाजात सांगत होती, “तू काही करू नकोस बाळा. ओढूबिढू नकोस. ते आपोआप आत जातंय.” हॉलमधून धावत सुटलेली, दवाखाना डोक्यावर घेणारी आमची बिब्बा ती हीच का, असं मला वाटलं. रंगारी भिंतीला टेकून लेकीकडे बघत होता. हात जोडलेले होते, पण कुणाला जोडलेत हे त्यालाही ठाऊक नसावं.

तेवढ्यात साहेब आले. मागं पाहुणे अधिकारी, त्यांच्यामागं निम्मा हॉल.

“हे मशीन इथं कसं आलं?” साहेबांनी विचारलं.

“मी आणलं, सर.” बिब्ब्यानं वर पाहिलं नाही.

“अहो, पण ते स्पेशल रूमचं आहे! तिथं कुणी आलं तर?”

“तिथं बाटली ठेवलीये, सर. बक्षीस मिळालेली.”

“काहीतरीच काय?” साहेबांच्या तोंडून निघून गेलं. “तिथं बाटली कशी चालेल?”

पाहुण्यांनी साहेबांकडे पाहिलं. मी खाटेमागून पाहिलं. आजवर एकदाही आवाज न चढवलेला रंगारी भिंतीपासून पुढं आला आणि तसाच, आवाज न चढवता म्हणाला, “मग आमच्या पोरीला कशी चालत होती, साहेब?”

उत्तर येण्याआधी बिब्बाच बोलली. “सिस्टर, इंजेक्शन भरा. लवकर.”

“प्लग सोडला तर मशीन बंद पडेल,” मी म्हटलं.

“सर, तुम्ही जरा प्लग धरा,” ती म्हणाली. त्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. हात कमी पडत होते, एवढंच. “दाबून धरावा लागतो.”

साहेब पुढं आले. कार्यक्रमासाठी घातलेल्या कोटासकट खाटेमागं वाकले आणि मी सोडलेला प्लग त्यांनी धरला. मी इंजेक्शन भरलं, बिब्ब्यानं दिलं. औषध संपलं, पुन्हा भरलं, पुन्हा वाफ सुरू झाली. पाहुणे उभेच. साहेब तसेच वाकलेले. एकदा त्यांनी हात बदलला, पण प्लग सोडला नाही. हळूहळू रेडिओच्या ओठांवर रंग आला. फासळ्या शांत झाल्या. तिनं आपली मान बिब्ब्याच्या खांद्यावर टाकली आणि डोळे मिटले.

रंगारी अजून तिथंच उभा होता, उत्तराची वाट बघत.

“चालत नव्हती,” साहेब वाकलेलेच म्हणाले. “आम्ही चालवून घेत होतो.”

बिब्ब्यानं मान वर केली नाही. ती पोरीचे श्वास मोजत होती. मशीन त्यानंतर वर गेलं नाही.