वीरपत्नीची खुर्ची

उद्यानाच्या फाटकाच्या थोडं अलीकडे, कडुनिंबाखाली आमची गाडी थांबायची आणि मी विधवा व्हायचे. वर्षातून एकदा. आधी टिकली काढून गाडीच्या काचेला चिकटवायची, मग हिरव्या बांगड्या उतरवायच्या, मग मंगळसूत्र. मंगळसूत्र ज्याच्या हातात द्यायचे तो माझा नवरा. स्टिअरिंगमागे बसलेला, धडधाकट, सकाळी पोटभर पोहे खाऊन निघालेला. तो ते शर्टाच्या खिशात टाकून बटण लावायचा.

मागच्या सीटवरून सासूची नजर माझ्या कपाळावर असायची. "डाग दिसून राह्यला वं. थुका लाव अन् पूस."

मी तापट बाई आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि पोरं माझ्यामागे मला मिरची म्हणतात हे मला ठाऊक आहे. घरात, दारात, पंचायतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. पण त्या कडुनिंबाखाली मी दरवर्षी मुकाट्यानं कपाळ पुसलं. त्याची चीड अजून गेलेली नाही.

हे सगळं कसं झालं ते आधी सांगते. सासूचे दोन मुलगे, मोठा आणि धाकटा. घरात सगळे तसंच म्हणायचे, मीही तेच म्हणते. दोघंही पोलीस भरतीत धावले. मोठा लागला. धाकटा धावण्यातच मागे पडला आणि मूल गाव ते सावली गाव अशी सवाऱ्यांची काळीपिवळी जीप चालवू लागला. माझं लग्न मोठ्याशी झालं, आणि वर्षाच्या आत तो गडचिरोलीच्या जंगलात भूसुरुंगाच्या स्फोटात गेला. घरी आलं ते बंद पेटीत आलं, आम्हाला उघडू दिलं नाही.

आमच्याकडे अशा वेळी धाकट्या दिराशी पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावून देतात. सासूनंच लावला. "घरची सून घरात राह्यली पाह्यजे," म्हणाली आणि मोकळी झाली. मला कोणी विचारलं नाही, धाकट्यालाही नाही. तो कितीतरी महिने ओसरीत झोपत होता, माझ्याकडे मान वर करून बघायचा नाही. मग मला टायफॉइड झाला, तेव्हा त्यानं गाडी बंद ठेवून माझं सगळं केलं. माझी वेणीसुद्धा घातली, वाकडीतिकडी. तेव्हापासून तो माझा नवरा आहे. दीर असताना मी त्याला अरे-तुरे करायचे, ते तेवढं तसंच राहिलं.

पुढे नदीपलीकडे गडचिरोली शहरात शहीद पोलिसांचं उद्यान झालं. प्रत्येकाच्या नावाचा एक काळा दगड, दगडावर फोटो, आजूबाजूला सदाफुली आणि बोगनवेल, मध्ये हिरवळ. दरवर्षी कार्यक्रम. पहिल्या रांगेत पांढरे कपडे घातलेल्या खुर्च्या आणि त्यांच्या पाठीला कागद चिकटवलेले, वीरमाता, वीरपत्नी. सासूला वाचता येत नाही. तिनं माझ्याकडून तो कागद दोनदा वाचून घेतला आणि मग खुर्चीत अशी बसली की पाठ टेकवलीच नाही.

पहिल्या कार्यक्रमाच्या आधी गावातल्या कोणीतरी तिच्या कानात घातलं होतं, की शहिदाच्या बायकोनं दुसरा नवरा केला की त्याचा दगड तिथून काढतात. कोणी सांगितलं ते तिनं कधी कबूल केलं नाही. मी म्हटलं, पाटाचं मी पोलिसांच्या ऑफिसात रीतसर कळवलेलं आहे, त्यांना सगळं माहीत आहे.

"कागदावर कोण पाह्यते? डोळ्यानं दिसलं का काढतात."

मी म्हटलं, मग सरळ विचारून येते.

"खबरदार विचारशीन त. विचारलं का त्यायले समजते."

डोकं आपटायला भिंतही कमी पडेल. म्हणून धाकटा बाहेर राहायचा. पहिल्या वर्षी फाटकावरच्या शिपायानं विचारलं, हे कोण? सासूनं पटकन सांगितलं, "डायवर हाय." धाकटा हसला. त्याला तेव्हा मजा वाटली. घरी आल्यावर म्हणाला, "डायवरले चहा त पाज, माय." आम्ही सगळेच हसलो. पण पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, आणि तो हसायचा थांबला.

सासूचा जीव मोठ्यावर होता. ते सगळ्या गावाला माहीत होतं, त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. धाकटा जेवायला बसला की त्याच्या ताटात भात वाढता वाढता म्हणायची, "मोठ्याच्या जागी हा गेला असता त मी एवढी रडली नसती." वर तूपही वाढायची. तो खाली मान घालून भात कालवायचा. मी एकदा हातातली पळी आपटली, तर तोच मला म्हणाला, "राहू दे वं. खोटं थोडीच बोलून राह्यली."

तळ्याच्या खालच्या अंगाला मोठ्याच्या हिश्श्याची एक बांधी होती. धानाचं ते तेवढं शेत सासूनं तो गेल्यापासून पडीक ठेवलेलं. नांगर लावू द्यायची नाही. धाकटा दरवर्षी विचारायचा, ती दरवर्षी नाही म्हणायची. मग एका पावसाळ्यात, काय मनात आलं देव जाणे, "लाव," म्हणाली. धाकट्यानं बांध धरले, मजुरांच्या बरोबरीनं रोवणं, म्हणजे धानाची लावणी, केली, गाडीवरून आला की चिखलात उतरायचा. हलकं, लवकर येणारं धान होतं, कार्यक्रमाच्या आधीच पिकलं. आमच्याकडे नवं धान आलं की आधी घरच्या मेलेल्यांना दाखवतात, मग आपल्या तोंडात जातं. धाकट्यानं लोंब्या कापून आणल्या, त्यांची जुडी बांधली आणि आईसमोर बसला.

"माय, हे दादाच्या बांधीचं हाय. त्याच्या दगडापाशी मी ठेवून येतो औंदा."

"हिच्या हाती दे. हे ठेवते."

"भावानं द्याव लागते, माय."

ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा त्यानं होकार धरला. कार्यक्रमाच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवली. वैनगंगेच्या पुलावर गाडी हळू केली आणि मला म्हणाला, इथं दादानं त्याला पोहायला शिकवलं, म्हणजे ढकलूनच दिलं होतं पाण्यात. आईपुढे तो मोठ्याविषयी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलला.

कडुनिंबाखाली गाडी थांबली. तो उतरला, जुडी हातात घेतली.

"तू कुठी?" सासू म्हणाली.

"मी एकटा जातो, माय. हिले बाहेर बसवतो. दोघं संगं नाई जात. मंग त चालते?"

"वीरपत्नीची खुर्ची रिकामी ठेवाची का? अन् तुमच्या दोघांयचं थोबाड सारखं हाय. दगडावर फोटो हाय त्याचा. लोक विचारतीन का नाई, कोण होय हा?"

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, आज मी टिकली काढत नाही, हा माझ्यासोबत आत येईल, काय होतं ते होऊ दे.

सासूनं आवाज चढवला नाही. हळूच म्हणाली, "मंग काढा त्याचा दगड. दोघं मिळून काढा. बिछाना त घेतलाच त्याचा."

धाकट्याचा चेहरा मी पाहिला. असं काही बोललेलं ऐकल्यावर माणसानं एक तर हात उगारावा नाही तर निघून जावं. त्यानं माझ्यापुढे हात पसरला. "काढ वं. दे इकडे." मी मंगळसूत्र काढून दिलं. तेव्हा सासूला जरा जड गेलं असावं, कारण ती म्हणाली, "कार्यक्रम झाल्यावर जाजो. गर्दी गेल्यावर. तवा कोणी नसते पाह्याले." तो हो म्हणाला. जुडीवर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि फाटकाशी सावलीत जाऊन उभा राहिला.

आत नेहमीचं चाललं होतं. फुलांची चक्रं, भाषणं, फोटो. त्या वर्षी अधिकारी नवीन होत्या, तरुण बाई, समजून बोलणाऱ्या. त्यांनी ठरवलं होतं की वीरमातांनी स्वतः दोन शब्द बोलायचे. सासूची पाळी आली तेव्हा त्या माइक घेऊन खुर्चीपाशीच आल्या, वाकल्या, आणि हातातला कागद बघून म्हणाल्या, "आई, तुमचे धाकटे चिरंजीव पण आहेत ना? ते आलेत का आज? बोलवा ना त्यांना, आपण सगळे मिळून फूल वाहू."

मला वाटलं सुटलो. एवढंच तर हवं होतं. फक्त "हो, बाहेर हाय," म्हणायचं होतं, पोरगं आत आलं असतं.

सासूनं माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि माइक दोन्ही हातांनी धरला.

"नाई. मले एकच पोरगा होता. तो गेला."

एक भोंगा मंडपात होता. दुसरा फाटकावर बांधला होता, बाहेरच्या लोकांना ऐकू जावं म्हणून.

मी उठले. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बिगूल वाजला. मौन पाळायचं होतं. सगळं उद्यान उभं राहिलं, टोप्या निघाल्या, माना खाली गेल्या. आणि मी, जिच्या तोंडाला गावात कोणी लागत नाही ती, मेलेल्या नवऱ्याच्या दगडासमोर गप्प उभी राहिले. सासूनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

मौन संपलं तसा मी हात सोडवला आणि त्या अधिकारी बाईंना सगळं सांगितलं. माझा नवरा बाहेर उभा आहे, तो यांचा धाकटा मुलगा आहे, त्याला आत आणलं तर हा दगड काढाल का? "दगड? तो कशाला काढू? कोण म्हणालं तुम्हाला? अहो, आणा ना त्यांना." सासूनं हे ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. ती खुर्चीत मागे टेकली.

मी धावत फाटकाकडे गेले. तो तिथंच होता. पायाशी एक बकरी उभी होती, तोंड हलवत. ओलं फडकं त्याच्या खांद्यावर होतं आणि हात रिकामे होते.

"चाल, आत बोलावलं."

"कोणाले?"

"तुले. त्यांना सगळं माहीत आहे. कोणी काही काढत नाही. चाल लवकर."

"डायवरचं काय काम आत," तो म्हणाला. चिडून नाही. मग खिशाचं बटण उघडून मंगळसूत्र माझ्या हातात दिलं.

"धान कुठी?"

"बकरीले देल्लं. तिले भूक होती."

मी त्याचा हात ओढला, विनवलं, शिव्या दिल्या. रस्त्यावर, लोकांदेखत. तो हलला नाही. तो दगड त्यानं आजपर्यंत जवळून पाहिलेला नाही.

थोड्या वेळानं सासू आली, कोणीतरी दिलेला नारळ आणि शाल घेऊन. एकटीच चालत आली. धाकट्यानं पुढे होऊन मागचं दार उघडलं.

"बसा, बाई."

तिला वाटलं, फाटकावर शिपाई आहे म्हणून तो असा बोलतो. मलाही तसंच वाटलं. ती बसली. वैनगंगेचा पूल गेला, व्याहाड गेलं, सावली गेली. शिपाई केव्हाच मागे राहिला होता. ती म्हणाली, "बाबू, पाण्याची बाटली दे." त्यानं बाटली मागे केली. "घ्या, बाई." काळीपिवळीतल्या म्हाताऱ्या सवाऱ्यांशी तो बोलतो तोच आवाज, तोच आदर. घरासमोर गाडी थांबवून त्यानं दार उघडलं. "उतरा, बाई. सांभाळून." ती बराच वेळ उतरलीच नाही.

तेव्हापासून असंच आहे. तो तिला कधी टाकून बोलला नाही. दवाखान्यात नेतो, गोळ्या आणतो, मोसंबी सोलून देतो. लोक म्हणतात, मुलगा असावा तर असा. सुरुवातीला मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू, आतून थंडावा वाटला. म्हटलं, भोग आता. नंतर ती गंमत गेली. माझ्यासमोर एक माणूस रोज थोडा थोडा दगड होत होता आणि मला ते थांबवता येत नव्हतं. मी एकदा म्हटलं, जाऊ दे, म्हातारी आहे. तो म्हणाला, "मी काय कमी करून राह्यलो तिले?"

आता ती खाटेवर आहे. एक बाजू लुळी पडली. तिला भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, सगळं तोच करतो, दुसऱ्या कोणाला करू देत नाही. उद्यानात आम्ही जात नाही. परवा दुपारी तो तिला पेज भरवत होता आणि मी दारात तांदूळ निवडत बसले होते. तिनं तोंड मिटून घेतलं. धड असलेला हात उचलून त्याच्या शर्टाला धरलं.

"एकदा माय म्हण ना, बाबू. एकच डाव."

त्यानं चमचा वाटीत ठेवला. फडक्यानं तिच्या हनुवटीवरची पेज पुसली, अगदी हळू. मग तिची बोटं शर्टापासून सोडवली आणि चमचा पुन्हा भरला.

"तोंड उघडा, बाई," तो म्हणाला. "थंडी होऊन राह्यली."