खाली घेतलेली सीट

सायकल घरात एका जागी उभी करून चालवायची असते, हे मला म्हातारपणी कळलं. त्याआधी मी सायकलवरून केळीचे लोंगर वाहिले, पेंडीची पोती वाहिली, तापाने फणफणलेल्या बायकोला दवाखान्यात नेलं. मुलाच्या विरारमधल्या, फुलपाड्यातल्या फ्लॅटमध्ये जी सायकल आली, तिला एकच चाक होतं आणि तेही प्लास्टिकच्या डब्यात झाकलेलं. घंटी नाही, कॅरिअर नाही. मी म्हटलं, "ही सायकल, तर मग घाण्याचा बैलही प्रवासीच म्हणायचा." सून हसली. मुलगा हसला नाही. माझ्या बोलण्यावर हसायचं त्याने कॉलेजात असतानाच सोडलं.

तशी ती सायकल यायला कारण माझंच होतं. पावसाळ्यात मी वाडीत पडलो. निर्मळ गावात आमची वाडी आहे. केळी, कडेने नारळ, पुढच्या तुकड्यात मोगरा. पाण्याच्या पाटावरून पाय सटकला आणि उजवा गुडघा मुडपला. मुलगा रिक्षा घेऊन आला आणि आम्हा दोघांना उचलून विरारला घेऊन गेला. "थोडे दिवस," म्हणाला. आईबापांना कुठेही न्यायचं असलं की मुलं थोड्या दिवसांसाठीच नेतात. घराला कुलूप लागलं, पाणी सोडायला चुलतभावाला सांगून ठेवलं, आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीत वाळणारे कपडे मोजायला बसलो.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं की थंडीत सांधे आखडतात, पहाटे धुक्यात आणि धुळीत बाहेर पडू नका, घरातच हलकी सायकल चालवा. हलकी म्हणजे किती, तर पाय मारता मारता शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत इतकी. मी विचारलं, "आणि गप्पा मारायला शेजारी कोणी नसला तर?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्या संध्याकाळी मुलाने माझ्यापुढे सौदा ठेवला. थंडीभर नियमाने सायकल चालवायची. गुडघा सुधारला तर होळीला तो स्वतः आम्हा दोघांना निर्मळला सोडेल. नाही सुधारला तर वाडी चुलतभावाला करायला द्यायची आणि आम्ही कायमचं इथे राहायचं. "बाबा, फेअर आहे ना?" म्हणाला. मी हो म्हटलं. मला माझ्या पायांवर भरवसा होता. बायको भाजी निवडत होती. तिला कोणी काही विचारलं नाही आणि ती काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे, त्यात मला वेगळं काही वाटलं नाही.

सायकल आली तेव्हा मी खाली भाजीवाल्याकडे गेलो होतो. वर येऊन बघतो तर जोडणी करणारा माणूस निघूनही गेला होता आणि सायकल गॅलरीच्या दारात उभी होती. सीट इतकी उंच की बसल्यावर माझे पाय लोंबकळायला लागले. मी मनात त्या माणसाला शिवी दिली, बाजूचा खटका ओढला आणि सीट पार खाली घेतली. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

यात मी काही चुकीचं केलं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे सीटवरून माणूस ओळखतात. उंच सीट मास्तरची, पोस्टमनची. वाडीवाल्याची सीट खाली. मागे दोन्ही बाजूंना लोंगर लटकत असतात, गल्ली एवढीशी, समोरून स्कूटर आली की जागच्या जागी थांबावं लागतं. तेव्हा दोन्ही पाय पक्के टेकले नाहीत तर सायकल मालासकट आडवी, आणि पिचलेलं केळं व्यापारी घेत नाही. वडिलांनी मला सायकल शिकवली ती आधी सीट खाली ठोकून. त्या फ्लॅटमधल्या सायकलला ना कॅरिअर होतं ना समोरून कोणी स्कूटरवाला येणार होता, पण एवढा विचार कोण करतो? सवयीला डोळे नसतात.

मग माझा हिवाळा सुरू झाला. विरारची थंडी ती काय. पण सुनेने मला पायमोजे घातले, कानटोपी घातली, आणि मी सकाळी गॅलरीच्या दारात बसून पाय मारायला लागलो. आधी हळू, मग जरा बरा वेग, मग परत हळू, असं सांगितलेलं सगळं मी निमूट केलं. आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही इतकं त्या सायकलवर ऐकलं. डोळे मिटून मी मनातल्या मनात घरी जात असे. तळ्याच्या कडेने, टेकडीवरच्या देवळाखालून, मग फुलांच्या वाड्यांमधून उजवीकडे. आमच्या फाटकापाशी आलो की पाय आपोआप थांबायचे. डोळे उघडले की समोर तीच इमारत आणि तेच कपडे.

बायको माझ्यामागून येता-जाता दिसायची. इथे आल्यापासून तिला नवीन पालवी फुटली होती. खालच्या मजल्यावरच्या बायकांचं भजनी मंडळ होतं, त्यात ती जाऊ लागली. लिफ्टचं बटण ती असं दाबायची जसं काही ती लिफ्ट तिच्या माहेरहून आलीये. सकाळी उशिरापर्यंत झोपायची. निर्मळला ती उजाडायच्या आत मोगऱ्याच्या कळ्या खुडायला उठत असे, दवात बोटं आखडेपर्यंत. मला वाटलं, बरं आहे, जरा विश्रांती मिळतेय, होळीपर्यंत ताजीतवानी होईल. माझं गणित सगळं होळीपाशी येऊन थांबत होतं.

गुडघा मात्र ऐकेना. आधी उतरताना कळ यायची, मग चढताना, मग नुसतं बसलो तरी. वाटीच्या खाली कोणी खिळा ठोकतंय असं वाटायचं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलाने सौदा मोडला असता. आणि मनात असंही होतं की दुखतंय म्हणजे काहीतरी काम होतंय. नांगर लागला की जमीनही दुखत असेलच की. मी पाय मारत राहिलो. बायको रोज संध्याकाळी तेल कोमट करून आणायची आणि गुडघ्याला चोळून द्यायची. "दुखतंय का?" विचारायची. मी नाही म्हणायचो. ती मान खाली घालून चोळत राहायची. त्या वेळी मला ती माया वाटत होती.

संक्रांत झाल्यावर गुडघा नारळासारखा सुजला. लपवायचं म्हटलं तरी लपेना. मुलाने घरी येणारी एक फिजिओथेरपिस्ट बोलावली. तरुण मुलगी, बोलायला चटपटीत. तिने मला तपासलं, मग म्हणाली, "काका, बसून दाखवा जरा, कशी चालवता ते." मी बसलो. चार पायडलं मारली असतील नसतील, तिने हात वर केला.

"थांबा, थांबा. सीट इतकी खाली कुणी केली?"

"मीच. का?"

"अहो काका, पायडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. तुमचा पाय तर कायम वाकलेलाच राहतोय. सगळा लोड गुडघ्याच्या वाटीवर. थंडीभर असंच चालवलंत? बसवायला आला त्याने सांगितलं नाही?"

"मला कोणी काही सांगितलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. आता खापर फोडायला एक डोकं सापडलं होतं. "माल विकला की यांचं काम झालं!"

तेवढ्यात सून म्हणाली, "नाही बाबा, सांगितलं होतं त्याने. मी तेव्हा आत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते पण ऐकलं मी. सीट खाली घेऊ नका, काकांचे गुडघे जातील, असं दोनदा बोलला तो. आईंना सांगितलं ना." आणि वळून, अगदी साध्या आवाजात, "आई, तुम्ही बाबांना नाही बोललात का?"

बायको उभी होती ती स्वयंपाकघरात निघून गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. सुनेला वाटलं सासूबाई विसरल्या. वय झालं, होतं असं. मुलालाही तेच वाटलं. मी मात्र ओळखून चुकलो. लग्नानंतर कुठल्या झाडाला कधी पाणी दिलं तेही न विसरणारी बाई ही. रोज माझ्यामागून जाताना तिने ती सीट पाहिली होती.

फिजिओथेरपिस्टने सीट वर घेतली, पण माझ्यासाठी नाही. आता काही महिने सायकल बंद, जिने बंद, उकिडवं बसणं बंद, वजन उचलणं तर कायमचं बंद. "गावाला एकटं राहायचं मात्र विसरा हं काका," जाता जाता म्हणाली, जणू छत्री विसरू नका म्हणावं तसं. मुलाने त्याच संध्याकाळी चुलतभावाला फोन लावला. वाडी त्याने करायला घेतली. चुलतभाऊ म्हणाला म्हणे की मोगरा काढून तिथेही केळीच लावतो, कळ्या खुडायला हल्ली कोण मिळतं? मला फोन द्यावा असं कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन आली. मी पाय मागे घेतला.

"तुला माहीत होतं."

"होतं," ती म्हणाली. आम्ही एकमेकांशी आमच्या घरच्या बोलीतच बोलतो, सुनेला ती निम्मीही कळत नाही. ती बोली कागदावर उतरत नाही, म्हणून तिचं बोलणं सरळ मराठीत देतो.

"मग बोलली का नाहीस? जीभ झडली होती?"

"बोलले असते तर तुमचा गुडघा बरा झाला असता. आणि गुडघा बरा झाला असता तर मला परत जावं लागलं असतं."

तिने वाटी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"तुम्ही दोघांनी माझ्यासमोर ठरवलंत. होळीला दोघांना सोडतो म्हणाला तो. दोघांना. मी तिथेच भाजी निवडत होते. मला कोणी विचारलं? तुम्हाला वाडी आठवते तेव्हा झाडं आठवतात. मला पाण्याचे हंडे आठवतात. थंडीत बोटं चिरायची, त्या बोटांनी मी गजरे ओवले, तुमच्या आईचं केलं, गड्यांच्या भाकऱ्या थापल्या. आता नाही होत माझ्याने."

"मग तसं सांगायचं होतंस!"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

ऐकलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण तेवढ्यावरून कुणाचा पाय मोडायचा असतो का? रोज तेल चोळताना तिच्या हाताखालीच तो सुजत होता. हे मी तिला म्हणालोही, अजून बरंच काही म्हणालो, जे लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घेत होती. रडली नाही, माफी मागितली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "तुम्हाला दुखत होतं ते मला दिसत होतं. मलाही झोप लागत नव्हती. पण मी नाही बोलले." मग वाटी उचलून आत गेली.

त्या दिवसापासून तेल मी स्वतःच लावतो.

होळी आली आणि गेली. सायकल तशीच गॅलरीच्या दारात होती. फिजिओथेरपिस्ट माझ्यासाठी यायची, तिने एक दिवस बायकोचेही गुडघे पाहिले आणि म्हणाली, "काकू, तुम्ही चालवा की. हलकी हलकी." जन्मात सायकलवर न बसलेली बाई लाजत लाजत, साडी वर खोचून, त्या सायकलवर चढली. सीट तिच्या उंचीला बरोबर लावून दिली होती. मी समोर खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसलो होतो. ती कठडा धरल्यासारखा दांडा धरून पाय मारायला लागली, आणि थोड्या वेळाने तिच्या तोंडावर असं हसू आलं, जे मी आमच्या अख्ख्या संसारात पाहिलं नव्हतं. मला राग आला. मला फार वाईट वाटलं. दोन्ही एकदमच.

उतरताना तिला जमेना. पाय खाली पुरेना तशी ती घाबरली आणि सवयीने तिने माझ्याकडे हात केला. खुर्ची जवळच होती. मी जरा वाकलो असतो तर हात पोचला असता.

मी दिला नाही. ती भिंत धरून, सावकाश, आपली आपण उतरली. मग आत जाऊन तिने चहा केला आणि माझा कप माझ्या हाताशी आणून ठेवला. तो मात्र मी प्यायलो.